भाकर चुरायची कशी, रस्सा ओळखायचा कसा

तुळजापूरला दर्शनाला आलेली, नळदुर्गचा किल्ला बघायला थांबलेली किंवा लग्नकार्यानिमित्त धाराशिवात उतरलेली पाहुणेमंडळी एक प्रश्न हमखास विचारतात : इथं मटण कुठं चांगलं मिळतं? प्रश्न रास्त आहे. पण नावाजलेल्या खानावळीत पोचल्यावर जेवायचं कसं, हे मात्र कुणी विचारत नाही. मग होतं काय, की मंडळी मेन्यूकार्ड मागतात, मटण हंडी आणि तंदूर रोटी मागवतात, सोबत आलेली रश्श्याची वाटी चमच्यानं ढवळून बाजूला सारतात आणि उठतात. ज्यासाठी लोक बार्शी-सोलापूरहून गाडी काढून येतात, ते नेमकं त्या वाटीत राहून जातं. ते राहू नये, यासाठी हा लेख.

धाराशिव जिल्ह्यातल्या मटणाच्या जेवणात रस्सा मुख्य आणि फोडी त्याच्या सोबतीला, हे आधी मनाशी पक्कं करा. याचं मूळ, माझ्या मते, कंदुरीत आहे. गावच्या पिराची कंदुरी असो की नवसाचं बोकड असो, एका-दोन बोकडांत सगळी भावकी आणि शेजारपाजार जेवायला बसवायचा असतो. माणशी चार-पाच फोडी आल्या तरी पुष्कळ. बाकीचं पोट रश्श्यानं आणि भाकरीनं भरायचं. त्यामुळे चव फोडीत अडकून राहून चालत नाही. हाडांतला सगळा कस पाण्यात उतरावा लागतो, मसाला असा बेतावा लागतो की शेवटच्या पंगतीलाही तो पातळ वाटू नये. मोठ्या पातेल्यावर कमावलेला हाच हात पुढे खानावळींत आला. म्हणून इथला रस्सा पातळ असतो आणि पातळ असूनही भरलेला असतो. हॉटेलातल्या दाट ग्रेव्हीची सवय झालेल्यांना पहिल्या घासाला तो पाणचट दिसतो. दिसण्यावर जाऊ नका.

दुसरी गोष्ट बोकडाची. उस्मानाबादी शेळी ही या भागाची स्वतःची जात. जिल्ह्याचं नाव बदललं तरी शेळीचं नाव तेच राहिलं आहे. बहुतेक काळीभोर, लांब लोंबते कान, उंच पाय. कमी पावसाच्या मुलखात बाभळीचा पाला, बोरीची डहाळी आणि बांधावरचा झाडपाला खाऊन ती तगते, आणि जुळी करडं देण्याबद्दल तिचा लौकिक आहे. दुष्काळात पीक गेलं तरी दावणीची शेळी घर सावरते, हे बालाघाटाच्या डोंगररांगेत राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. चरून वाढलेल्या जनावराच्या मटणाला वेगळी चव असते आणि चरबी बेताची असते. खानावळीत गेल्यावर ‘बोकड गावरान आहे का, कुठल्या बाजारचं?’ असं सरळ विचारा. चांगला मालक या प्रश्नानं खूश होतो आणि बाजारासकट सांगतो. पुण्याकडच्या ज्या घरांत बोल्हाईचं, म्हणजे मेंढीचंच मटण चालतं, त्यांनी तर बसण्याआधीच विचारून घ्यावं. इकडे मटण म्हटलं की सहसा बोकडाचंच असतं.

आता जायचं कधी? इथं बाहेरगावचे लोक सगळ्यात जास्त फसतात. मंगळवार आणि शुक्रवार हे देवीचे वार. तुळजापुरात गर्दी असते ती दर्शनाची, आणि बरीच घरं त्या दिवशी वशाट करत नाहीत. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार. उरतात बुधवार आणि रविवार, म्हणून या दोन दिवशी खानावळींवर झुंबड असते. मोकळेपणानं जेवायचं असेल तर बुधवारी दुपारी साडेबाराच्या आत पोचा. रविवारी जायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करून किती माणसं येणार ते सांगून ठेवा. आषाढातले, म्हणजे आखाडातले शेवटचे रविवार आणि श्रावण लागण्याआधीचे दोन-तीन दिवस टाळाच. त्या गर्दीत उत्तम खानावळीचाही हात घाईला येतो. श्रावणात, गणपतीत आणि नवरात्रात कित्येक ठिकाणी चूल बंद असते किंवा फक्त शाकाहारी जेवण मिळतं. आश्विनातल्या पौर्णिमेला तुळजापूरच्या वाटा पायी येणाऱ्या भक्तांनी भरून वाहतात, वाहनांचे रस्ते वळवलेले असतात. त्या दिवसांत खानावळीचा बेत न केलेला बरा.

लवकर जाण्याचं आणखी एक कारण आहे. जिथं मटण रोज ताजं कापून बेतानं शिजवलं जातं, तिथं ते संपतं. दोन वाजता ‘मटण संपलं’ अशी पाटी लागत असेल तर ती त्या खानावळीची सगळ्यात खरी जाहिरात समजा. जपानात रामेनच्या नामांकित दुकानांची हीच रीत आहे. हाडं तासन्‌तास उकळून काढलेला रस्सा, त्यात शेवया, वर मांसाचे काप : दुकानात बहुधा तेवढा एकच पदार्थ, आणि त्या दिवसाचा रस्सा संपला की दार बंद. जुझो इतामी यांच्या 1985 सालच्या ‘टॅम्पोपो’ या चित्रपटात तर एक वयस्क जाणकार रामेनचा वाडगा कसा बघावा, कशाला आधी हात लावावा, याचे धडे एका तरुणाला देतो. जेवण्याचंही शिक्षण असतं, हे तिकडे मानलं जातं. आपल्याकडे ते घरात आजी-मामांकडून मिळत आलं, म्हणून कुणी लिहून ठेवलं नाही.

खानावळ कशी ओळखायची? पाटीवरच्या मोठ्या नावाकडे बघू नका, इतर गोष्टी बघा. एस.टी. स्टँडवरचे रिक्षावाले आणि बाजारात शेळ्या विकायला आलेले लोक कुठं जेवतात, ते विचारा. दारात उभं राहिल्यावर भाकरी थापल्याचा आवाज यायला हवा. भाकर आधी करून टोपलीत रचून ठेवलेली असेल तर ती खानावळ दुपारच्या गर्दीसाठी चालते, चवीसाठी नाही. भिंतीवर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक लावलेला असावा. हात धुण्याची जागा बघा; ती स्वच्छ असेल तर आतलं स्वयंपाकघरही बहुधा बरं असतं. घरच्या बायकामुलांना घेऊन जाणार असाल तर बसायची वेगळी सोय आहे का आणि तिथं दारू चालते का, हे फोनवरच विचारून घ्या. रस्त्यावरच्या पुष्कळ ढाब्यांवर संध्याकाळनंतरचं वातावरण वेगळं असतं. कुटुंबानं दुपारीच जावं, हे माझं स्पष्ट मत आहे.

बसल्यावर मागवायचं काय? पहिल्यांदा जात असाल तर थाळीच घ्या. थाळीत साधारणपणे सुक्कं मटण, तिखट रस्सा, अळणी, दोन भाकरी, भात, कांदा-लिंबू असं येतं. रस्सा परत मिळतो का, भाकर जास्तीची घेतली तर पैसे किती, हे आधी विचारा. त्यात संकोच कसला? चौघं असाल तर दोन थाळ्या आणि वेगळी एखादी प्लेट फ्राय, एवढ्यावर सुरुवात करा आणि लागलं तर वाढवा. खिमा, वजडी, मुंडी, रक्ती हे ज्यांना आवडतं त्यांनी आल्याआल्या सांगावं, कारण ते थोडंच असतं आणि नेहमीची गिऱ्हाइकं आधी उचलतात. काही ढाब्यांवर किलोच्या हिशेबानं मटण बनवून देतात. तिथं वजन कच्च्या मटणाचं धरलेलं असतं. शिजल्यावर ते पाव ते एक तृतीयांश घटतं, हे लक्षात ठेवून मागणी द्या. आणि अशा मागणीला तास-सव्वा तास लागतोच. घाई केलीत तर कुकरच्या शिट्टीचं किंवा कच्च्या पपईनं मऊ केलेलं मटण पुढ्यात येईल, जे दाताखाली पिठाळ लागतं.

पान आलं की आधी अळणी प्या. हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवलेल्या मटणाचं हे पाणी. तिखट घालण्याआधी बाजूला काढलेलं. त्यात लपवायला काही नसतं. मटण शिळं असेल, नीट धुतलेलं नसेल, जनावर जून असेल, तर अळणीत लगेच कळतं. अळणी स्वच्छ, किंचित गोडसर आणि वर चरबीचे बारीक थेंब असलेली असेल तर पुढचं जेवण निर्धास्त जेवा. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना भातावर हीच वाढा.

मग रस्सा. तो तिखट असणारच, पण त्याचा तिखटपणा घशात न टोचता जिभेवर पसरला पाहिजे. भाजलेला कांदा, भाजलेलं खोबरं, तीळ, दगडफूल घातलेला घरचा काळा मसाला, आणि कित्येक घरांत येसूर. हा येसूर मराठवाड्याचा खास. धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं हे पीठ वर्षाचं करून ठेवतात. लग्नातली येसराची आमटी त्याचीच. मुठीभर येसरानं पातळ रश्श्याला अंग येतं. वाटीत वर लालसर तर्री आणि खाली तपकिरी-काळसर रस्सा असे दोन थर दिसले पाहिजेत. मिरचीचा रंग तेलात उतरतो, त्यामुळे मसाला नीट परतलेला असेल तर लाली तेलाबरोबर वर येते. वरपासून खालपर्यंत एकसारखं लालभडक दिसत असेल आणि जेवल्यावर बोटांचा रंग साबणानंही जात नसेल, तर वरून रंग घातल्याची शंका घ्या आणि पुन्हा त्या दारात जाऊ नका.

आता भाकर, कारण इथंच हात चुकतो. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. गरम पाण्यात मळून, थापून, तव्यावर पाणी फिरवून ती भाजतात, आणि निवली की ती कडक होऊ लागते. म्हणून पानात आलेली भाकर लगेच हातात घ्या. मधोमध फुगलेला पापुद्रा बोटानं उचकटा, वाफ जाऊ द्या. पापुद्र्याचा तुकडा सुक्क्या मटणाबरोबर खायला ठेवा आणि जाड पदर खोलगट ताटात चुरा. तुकडे सुपारीएवढे असू द्या. फार बारीक केलेत तर लगदा होतो, मोठे ठेवलेत तर मध्ये कोरडं राहतं. रस्सा एकदम ओतू नका. आधी एक वाटी ओता, तळहाताच्या कडेनं हलकं दाबा, चार-पाच श्वास थांबा, मग वरून तर्रीचा अर्धा चमचा आणि लिंबू. मग कालवा. हाताला तुकडा लागायला हवा, पण दाबला तर त्यातून रस्सा सुटायला हवा. सोलापूरकडच्या धर्तीची कडक भाकर मिळाली तर तिला दुप्पट वेळ द्या. एका वेळी अर्धीच भाकर चुरा. पूर्ण चुरून गप्पा मारत बसलात तर दुसरी अर्धी नुसती भिजून जाते. इतर पदार्थ मागं-पुढं झाले तरी चालतं, हा काला मात्र गरम असतानाच संपवायचा. जपानी माणूसही रामेनच्या वाफाळत्या वाडग्यापुढे बोलत बसत नाही, कारण थांबलं की शेवया रश्श्यात फुगतात. तिथं सुर्र आवाज करत ओढून खाणं रीतीला धरून आहे. इथंही नळी ओढताना आवाज होतो तो होऊ द्या. नळीचं एक टोक ताटाच्या कडेवर हळूच आपटा, मग ओढा; मगज सुटतो. काटा-चमचा मागून ते जमत नाही.

चमच्यानं खाणाऱ्यांना कुणी हसत नाही, पण काला चमच्यानं होत नाही हे खरं.

तिखट सहन झालं नाही तर गार पाण्याचे ग्लासावर ग्लास रिचवू नका. मिरचीतला जाळ पाण्यात विरघळत नाही. पाण्यानं तो तोंडभर पसरतो. ताक प्या, नाहीतर दह्याचा घास घ्या, किंवा नुसती भाकर चावा. वाढणाऱ्याला ‘दादा, जरा तर्री बाजूला सारून रस्सा वाढा’ म्हटलं की तो वाटी तशी भरून आणतो. तिखट निम्म्यावर येतं आणि चव जात नाही. रश्श्यात मीठ आणि तेल दोन्ही भरपूर असतं. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी एका वाटीवर थांबावं, दुसऱ्यांदा रस्सा फुकट आहे म्हणून घेऊ नये. पित्ताचा त्रास असलेल्यांनी रात्रीपेक्षा दुपारी जेवावं. आणि जेवून लगेच पुण्याची किंवा हैदराबादची गाडी हाकायची असेल तर चालवणाऱ्यानं भात सोडावा आणि निघण्याआधी अर्धा तास पाय मोकळे करावेत. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर दुपारी डोळा लागणं परवडणारं नाही.

सोबत शाकाहारी माणूस असेल तर त्याला ‘तुझ्यासाठी काहीतरी मिळेल’ म्हणून ओढून नेऊ नका. मटणाच्या खानावळीत शेवभाजी किंवा पिठलं मिळतं, पण पळी आणि तवा वेगळा आहे का, हे विचारल्याशिवाय कळत नाही. तुळजापुरात आणि धाराशिवात साधी भोजनालयं आहेत. दोन्ही मंडळींनी आपापलं जेवून नंतर एकत्र यावं, हे जास्त सन्मानाचं. येसराची आमटी, हुलग्याचे शेंगोळे आणि शेंगदाण्याची चटणी मिळाली तर शाकाहारी माणूस कशाला मुकत नाही. भूमच्या वाटेनं जाणार असाल तर गोड तिथं खा. कुंथलगिरीचा पेढा आणि त्या भागातला खवा यांचं नाव मोठं आहे. कुंथलगिरीच्या खव्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. कुंथलगिरी हे जैनांचं सिद्धक्षेत्र आहे आणि आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 मध्ये तिथंच समाधी घेतली. तेव्हा मटणाचं पार्सल गाडीत ठेवून त्या डोंगरावर जाऊ नका. आधी क्षेत्र करा, मग खानावळ.

गर्दीच्या वेळी दुसऱ्याच्या पाठीमागं उभं राहून त्याचे घास मोजणं आणि जेवण झाल्यावर टेबल अडवून फोन बघत बसणं, दोन्ही सारखंच वाईट. भाकर लागेल तेवढीच मागवा. खरिपात सोयाबीननं शेतं व्यापली, ज्वारीचा पेरा घटत गेला आणि भाकर आता गरिबाघरचं स्वस्त अन्न राहिलेली नाही. अर्धी चुरलेली भाकर ताटात टाकून उठणं इथल्या माणसाच्या मनाला लागतं. बिल देताना मालकाचं कौतुक सगळेच करतात. पण भाकऱ्या थापणाऱ्या मावशी सकाळपासून तव्याच्या धगीपाशी बसून असतात, आणि निम्मी चव त्यांच्या हाताची असते. बक्षिशी द्यायची असेल तर ती त्यांच्या हातात द्या आणि भाकर चांगली झाली होती हे त्यांना तोंडानं सांगा.

रस्सा घरी न्यायचा असेल तर येतानाच झाकणाचा स्टीलचा डबा आणा. उकळता रस्सा पातळ प्लास्टिकच्या पिशवीत भरून घेऊ नका; गरम तेलकट पदार्थाला ती पिशवी योग्य नाही, आणि राज्यात अशा पिशव्यांवर 2018 पासून बंदी आहे. भाकरी वेगळ्या फडक्यात बांधून घ्या. घरी पोचायला दोन-तीन तासांपेक्षा जास्त लागणार असतील तर उन्हाळ्यात रस्सा नेऊच नका. नेलात तर पोचल्याबरोबर खळखळून उकळी आणा, आणि वाढण्यापुरतीच भाकर नव्यानं करा. कालची भाकर या रश्श्याला चालत नाही.